केबिनमध्ये एक्झॉस्टचा धूर येतोय? आधी शेपटाकडे बघा

घरी बांधलेल्या विमानात एक्झॉस्टचा वास आला की बांधणारा पहिल्यांदा फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीकडे) धावतो. तांबड्या सिलिकोनच्या दोन ट्यूब रिकाम्या होतात, केबलींची भोकं बुजतात, आणि पुढच्या उड्डाणात वास आहे तिथेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. फायरवॉल तपासायची नाही असं नाही, ती पुढे येईलच. पण पुढे लायकमिंग कंपनीचं इंजिन, पोटाखाली एक्झॉस्टच्या दोन नळ्या आणि डोक्यावर बुडबुड्यासारखी कॅनोपी (पारदर्शक छत) अशी बांधणी असेल, तर धूर बऱ्याचदा मागून येतो. पोटाला चिकटून वाहत तो शेपटाकडे जातो, तिथल्या फटींतून आत शिरतो आणि सामानाच्या कप्प्यातून पुढे येऊन वैमानिकाच्या मानेवर येतो.

ही माहिती मुख्यतः व्हॅन्स या किट विकणाऱ्या कंपनीच्या आरव्ही-६, आरव्ही-७, आरव्ही-८ अशा विमानांना धरून लिहिली आहे. आरव्ही जातीची ११,००० हून जास्त विमानं आजवर उडली आहेत, त्यातली बहुतेक अमेरिकेतल्या गॅरेजांत आणि हँगरांत बांधलेली. किट एकच असलं तरी फटी प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कोणी पुशरॉडला (विमानाचे हलते भाग चालवणाऱ्या दांड्यांना) बूट, म्हणजे भोक झाकणारी आवरणं, लावलेले असतात, कोणी 'नंतर बघू' म्हणून सोडलेले. त्यामुळे दुसऱ्याच्या विमानात जो उपाय चालला तो आपल्यात चालेलच असं नाही. मोजावं लागतं.

किती धूर म्हणजे जास्त?

पेट्रोल इंजिन फुल रिच, म्हणजे हवेच्या मानाने भरपूर इंधनाच्या, मिश्रणावर चालत असताना एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण काही टक्के असतं. हिशेबाला ५ टक्के धरू, म्हणजे ५०,००० पीपीएम (दहा लाखांत तितके भाग). अमेरिकी नियमांत फॅक्टरीतल्या छोट्या विमानांच्या केबिनसाठी वर्षानुवर्षं २०,००० भागांत एक भाग, म्हणजे ५० पीपीएम ही मर्यादा होती. दोघांच्या केबिनमध्ये हजारभर लिटर हवा धरली, तर त्या मर्यादेला पोचायला फक्त एक लिटर एक्झॉस्ट पुरतं. पाण्याची एक बाटली. लायकमिंग ओ-३६० ची सिलिंडरांची एकूण क्षमता ५.९ लिटर आहे आणि ते मिनिटाला हजारो लिटर वायू बाहेर फेकतं. त्यातला बाटलीभर आत यायला फार मोठं भोक लागत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आपल्याला येतो तो एक्झॉस्टमधल्या बाकीच्या गोष्टींचा वास. वास आला तर एक्झॉस्ट आत येतंय हे नक्की, पण वास नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असं धरता येत नाही; शिवाय नाक दहा मिनिटांत सरावतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो आणि साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर निम्मा निघून जायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे सकाळच्या उड्डाणातला वायू दुपारच्या उड्डाणाला रक्तात असतोच, त्यावर नवा चढतो. ८,०००–१०,००० फुटांवर मुळात ऑक्सिजन कमी, तिथे हाच आकडा जास्त महागात पडतो.

पल्स ऑक्सिमीटरवर इथे अजिबात विसंबू नका. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस गुंगीत जात असतानाही तो ९७-९८ दाखवत बसतो.

डिटेक्टर कोणता, कुठे

अमेरिकेत वाहतूक-अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने १९८२ ते २०२० या काळातले कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे झालेले ३१ विमान अपघात शोधले. त्यातले २३ जीवघेणे होते, ४२ माणसं गेली. डिटेक्टर सापडला तो एकाच विमानात, आणि तोही आवाज किंवा दिवा लावून सावध न करणारा. २१ जानेवारी २०१९ रोजी फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना घेऊन निघालेलं पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळलं. साला यांच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन) ५८ टक्के निघालं, आणि वैमानिकावरही त्याचा परिणाम झालेला असावा असं ब्रिटनच्या तपासात नोंदवलं गेलं. ते तर फॅक्टरीत बांधलेलं विमान होतं.

पॅनेलवर चिकटवायची ठिपक्याची कार्डं पुरेशी नाहीत. ठिपका काळा पडलाय हे बघायला आधी त्याच्याकडे बघायची शुद्ध हवी, आणि पाकीट फोडल्यावर त्याचं आयुष्य मोजकंच. घरात लावायचा अलार्मही इथे उपयोगाचा नाही. अमेरिकी मानकानुसार तो ७० पीपीएमला तासाभरानंतर कधीतरी वाजतो, १५० ला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. ३० च्या खालचं तर दाखवतही नाही. घरासाठी ते मुद्दाम तसं ठेवलंय, उगाच वाजू नये म्हणून. विमानात आपल्याला १० पीपीएमचा फरक दिसायला हवा.

तेव्हा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा, आकडा दाखवणारा आणि मोठ्याने वाजणारा डिटेक्टर घ्या. पॅनेलमध्ये बसवून ईएफआयएसला (पॅनेलवरच्या इलेक्ट्रॉनिक पडद्याला) जोडता येणारे मिळतात, काही हेडसेटमध्ये आणि आसपासची विमानं दाखवणाऱ्या एडीएस-बी रिसीव्हरमध्येही आता तो आलाय. हेडसेट घातल्यावर खिशातला बीप ऐकू येत नाही, म्हणून इंटरकॉममध्ये आवाज जाणारा किंवा डोळ्यांसमोर दिवा लावणारा असेल तर उत्तम. ताज्या हवेच्या व्हेंटच्या तोंडाशी तो लावू नका, तिथे तो कायम शून्य दाखवेल. आणि हँगरमध्ये बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन, रंग, थिनर, स्पिरिट यांनीही हे सेन्सर फसतात. कॅनोपी पुसल्या पुसल्या आलेल्या आकड्यावरून इंजिन उघडायला घेऊ नका.

आकड्यांचा ढोबळ अर्थ असा लावा. टॅक्सी करताना वाऱ्याच्या झुळकीबरोबर क्षणभर १०-१५ येणं सामान्य आहे. उड्डाणात १० च्या वर स्थिर आकडा राहिला तर शोध सुरू करायचा. ३५ च्या वर राहिला तर दुरुस्तीशिवाय कोणाला सोबत न्यायचं नाही. ५० ला चाचणी बंद, विमान खाली. १०० च्या वर गेला तर आणीबाणी समजून वागायचं: हीटर बंद, ताजी हवा पूर्ण उघडी, पॉवर कमी, उंची सांभाळून मिश्रण लीन (इंधन कमी), सोबत ऑक्सिजन असेल तर लावायचा, रेडिओवर सांगायचं आणि जवळची धावपट्टी गाठायची. उतरल्यावर गाडी स्वतः चालवू नका. दवाखान्यात कार्बोक्सिहिमोग्लोबिनची रक्ततपासणी मागून घ्या आणि विमानातून उतरून किती वेळ झाला तेही सांगा, कारण उशीर झाला की आकडा उतरलेला असतो.

केबिन हवा का ओढते

कॅनोपीचा फुगीर आकार वरून जाणाऱ्या हवेला वेग देतो, म्हणून कॅनोपीच्या बाहेर दाब कमी होतो. कॅनोपीच्या कडेला, विशेषतः सरकत्या कॅनोपीच्या मागच्या स्कर्टखाली (कडेच्या झालरीखाली) फट असेल, तर केबिनमधली हवा तिथून बाहेर खेचली जाते. गेलेल्या हवेची जागा भरायला दुसरीकडून हवा येणारच. ती जिथे वाट सापडेल तिथून येते: फ्लॅपच्या (मंद वेगासाठी खाली करायच्या पंखाच्या मागच्या पट्ट्यांच्या) पुशरॉडची भोकं, एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या पट्ट्यांच्या) पुशरॉडची भोकं, पंखाच्या मुळाशी असलेल्या फटी, एलेव्हेटरचा (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटावरच्या पट्टीचा) पुशरॉड जातो ती मागची भिंत, टेलव्हीलच्या (शेपटाखालच्या चाकाच्या) स्प्रिंगभोवतीची जागा. यातल्या बहुतेक जागा पोटाजवळ किंवा शेपटात आहेत, आणि पोटाखालून तर एक्झॉस्ट वाहतंय. थंडीत आरव्हीत बसणारे 'मागून गार वारा येतो' अशी तक्रार करतात, तो वारा हाच.

हे मोजता येतं, आणि त्यासाठी मोबाइलमधला बॅरोमीटर पुरतो. शांत हवेत ३,००० फुटांवर वेग १५० नॉट आणि उंची अगदी स्थिर धरा. मोबाइलवरचा दाब लिहा, मग दोन्ही व्हेंट पूर्ण उघडा, एक मिनिट थांबा, पुन्हा लिहा. मग दोन्ही बंद करून तिसऱ्यांदा. १५० नॉटला हवेचा गतिक दाब सुमारे ३६ हेक्टोपास्कल असतो. केबिनमधला दाब त्याच्या दहाव्या हिश्शाने जरी खाली गेला तरी मोबाइलवर साडेतीन हेक्टोपास्कलचा फरक दिसतो, म्हणजे उंचीच्या भाषेत शंभर फूट. व्हेंट उघडल्यावर दाब एक-दोन हेक्टोपास्कलने वर जाऊन त्याच वेळी पीपीएमही उतरला, तर धूर ओढला जातोय हे जवळपास सिद्ध झालं. स्टॅटिक पोर्टची (अल्टिमीटरला बाहेरचा दाब पोचवणाऱ्या भोकाची) स्वतःची चूक असते, म्हणून अल्टिमीटरशी तुलना करण्यापेक्षा मोबाइलचे दोन आकडे एकमेकांशी ताडून बघणं जास्त भरवशाचं.

दुसरं साधन त्याहून साधं: लोकरीचा धागा. दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे करून प्रत्येक संशयित भोकाच्या आतल्या बाजूला मास्किंग टेपने एका टोकाला चिकटवा आणि छोटा कॅमेरा त्यांच्याकडे लावा. धागा भोकापासून दूर आत फडफडला तर हवा आत येतेय, भोकात ओढला गेला तर बाहेर जातेय. कॅमेरा, डिटेक्टर, टेप, काहीही सुटून एलेव्हेटरच्या बेलक्रँकमध्ये (दांड्यांना जोडणाऱ्या फिरत्या सांध्यात) जाणार नाही असं बांधा. या कामात धुराहून मोठा धोका तो आहे.

जमिनीवर शोध

पोट थिनरने लख्ख पुसा, दोन तास उडा आणि मग पांढरं फडकं घेऊन खाली आडवे व्हा. शिसं असलेल्या १००-एलएल इंधनाचा डाग करडा-तपकिरी पडतो, शिसंविरहित मोटार-पेट्रोलचा काळा. डाग नळीच्या टोकापासून सरळ मागे जातो का, आणि वाटेत कुठे तुटतो ते बघा. एखाद्या जोडपट्टीपाशी पट्टा एकदम पुसट झाला किंवा भोकाच्या कडेला वळून आत गेला, तर त्या जागेची आतली बाजू उघडा. फ्लॅप-पुशरॉडच्या भोकाची आतली कड बोटाला गुंडाळलेल्या फडक्याने पुसली आणि फडक्यावर काजळी आली, तर आणखी पुरावा नको. मागची भिंत काढून शेपटाच्या आत टेलव्हीलच्या बोल्टांजवळही असंच पुसून बघा. एक्झॉस्ट तिथवर पोचतं हे कित्येकांना खरं वाटत नाही, फडकं काळं निघेपर्यंत.

एक्झॉस्टची नळी स्वतः फुटलीय का हे बघायला काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उतरवा. गळती असेल तिथे गॅस्केटच्या कडेला पिसासारखा करडा किंवा काळा फराटा पडलेला असतो. फ्लँजचे वेल्ड, बॉल जॉइंट, ईजीटी प्रोबची (एक्झॉस्टचं तापमान मोजणाऱ्या सळ्यांची) भोकं आणि हीट मफच्या (हीटरची हवा तापवायला नळीभोवती बसवलेल्या आवरणाच्या) क्लॅम्पखालची जागा या चार ठिकाणी भिंग आणि टॉर्च घेऊन बघा. मफ प्रत्येक वार्षिक तपासणीला उतरवलाच पाहिजे. त्याच्या आतल्या नळीला केसाएवढी चीर पडली तरी ती थेट तुमच्या पायाशी हवा सोडते, आणि मफ चढवलेला असताना ती दिसत नाही.

मग दाबाची चाचणी. इंजिन थंड असताना वर्कशॉपच्या व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू एका नळीच्या तोंडाला फोम आणि चिंध्यांनी बसवा, दुसरी नळी बुजवा, आणि भांडी घासायच्या साबणाचं पाणी सगळ्या सांध्यांवर फवारा. बॉल जॉइंट आणि सरकत्या सांध्यांवर थोडे बुडबुडे येणारच. ते तापल्यावर फुगून बसतात. वेल्डमधून किंवा फ्लँजच्या गॅस्केटमधून बुडबुड्यांची रांग निघाली तर ती गळती. एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यामुळे आतून हवा जाण्याचा आवाज येईल. त्याने घाबरू नका. व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरमध्ये ठिणगी असते, म्हणून तो लांब ठेवून पाइप लांबवर आणा आणि हँगरची दारं उघडी ठेवा. त्याच कारणासाठी फटी शोधायला उदबत्ती फिरवायचा मोह आवरा. धुराचा धागा झकास दिसतो, पण टाक्यांत पेट्रोल असलेल्या विमानाजवळ पेटती उदबत्ती नको.

फायरवॉलसाठी रात्र सोयीची. काउलिंग काढा, इंजिनाच्या बाजूला लख्ख एलईडी दिवे लावा, हँगर काळोखा करा आणि पाय ठेवायच्या जागेकडे डोकं करून केबिनमध्ये शिरा. बाहेरून उजेड येऊ नये म्हणून कॅनोपीवर जाड चादर टाका. पाच मिनिटांत डोळे सरावले की भोकं चांदण्यांसारखी दिसतात. मार्करने गोल करून घ्या. वळणावळणाची वाट उजेडाला सापडत नाही, म्हणून याच्या जोडीला हीटर बॉक्सच्या झडपेची कड कागदाची पट्टी घालून बघा: झडप बंद करून पट्टी ओढली तर घट्ट वाटली पाहिजे.

हवेतली चाचणी

अमेरिकेत नव्या विमानाच्या पहिल्या टप्प्यात, साधारण २५ किंवा ४० तास, बहुतेक वेळा एकट्यानेच उडायचं असतं. तेव्हा आकडे लिहीत बसू नका, कॅमेरा लावा किंवा मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिश्रण फुल रिच ठेवा. लीन केलं की एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने कमी होतो. तीच फट लीन क्रूझला ५ पीपीएम दाखवेल आणि चढताना ६०. म्हणून 'क्रूझला तर शून्य येतं' या वाक्यातून काही कळत नाही.

प्रत्येक स्थितीत तीन ते पाच मिनिटं थांबा, सेन्सरला स्थिर व्हायला वेळ लागतो. क्रम असा बरा: जमिनीवर नाक वाऱ्याकडे, कॅनोपी बंद, १,००० आणि मग १,७०० आरपीएम, मग शेपूट वाऱ्याकडे. हवेत पूर्ण पॉवरने चढ, हीटर बंद, व्हेंट बंद. मग ७५ टक्के पॉवरला सपाट उड्डाण, त्यात व्हेंट उघडे, व्हेंट बंद, हीटर चालू. मग फ्लॅप खाली करून मंद वेग. शेवटी डावीकडे स्लिप (विमान तिरकं धरून बाजूला घसरत उडणं) आणि उजवीकडे स्लिप.

हीटर उघडताच आकडा उसळला तर मफ किंवा त्यातली नळी, दुसरीकडे बघायचंच कारण नाही. तो हीटर दुरुस्त होईपर्यंत फायरवॉलशी बुजवून टाका, नुसती झडप बंद ठेवू नका. चढताना जास्त, डिटेक्टर पायाशी नेल्यावर आणखी जास्त आणि मागे नेल्यावर कमी, तर फायरवॉल आणि पुढची गळती. याच्या उलट, सामानाच्या कप्प्यात जास्त आणि पायाशी कमी, तर शेपूट. फ्लॅप खाली गेल्यावर वाढला तर फ्लॅपच्या रॉडची भोकं. एकाच बाजूच्या स्लिपमध्ये वाढला तर त्या बाजूच्या नळीचा झोत कुठल्या भोकावर येतो ते बघा. आणि व्हेंट उघडल्यावर उलट वाढला, तर व्हेंटचं तोंडच एक्झॉस्टच्या किंवा काउलिंगच्या गळतीच्या वाटेत आहे. हे क्वचित, पण तोंड खाली बसवलेल्या विमानांत घडतं. टॅक्सी करताना कॅनोपी फटीएवढी उघडी ठेवायची सवय असेल तर जमिनीवरचे आकडे त्यानेच बिघडतात.

क्रँककेसच्या ब्रीदरलाही (इंजिनाच्या आतली तेलकट वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीलाही) विसरू नका. तेल पोटावर सांडू नये म्हणून कित्येक जण त्याचं तोंड तापलेल्या नळीवर सोडतात. जळक्या तेलाचा वास तिथून येतो आणि लोक एक्झॉस्टची गॅस्केटं बदलत बसतात.

दुरुस्ती: एका वेळी एकच

सगळी भोकं एका शनिवारी बुजवली तर वास जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही, आणि सहा महिन्यांनी परत आला की सुरुवातीपासून शोध. एक जागा बुजवा, त्याच क्रमाने उडा, आकडे वहीत लिहा. न हलणाऱ्या फटींवर चाचणीपुरती ॲल्युमिनियमची टेप चालते. स्टॅटिक पोर्ट, इंधन टाकीचे व्हेंट आणि नियंत्रण-पृष्ठांच्या फटी यांच्या आसपास टेप नेऊ नका. पोटाची पाणी निथळायची भोकंही बुजवायची नाहीत. ती छोटी आहेत, आणि ती बुजली तर पाणी आत साठून पत्रा गंजतो.

एक्झॉस्टपासून सुरू करा. वापरलेलं गॅस्केट पुन्हा बसवू नका. फ्लँज सपाट काचेवर ठेवून हलते का बघा. वाकलेल्या फ्लँजला नवं गॅस्केटही पुरत नाही. नट इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा आणि पहिल्या काही तासांनंतर परत तपासा. बॉल जॉइंटच्या स्प्रिंगा पूर्ण दाबून बसवल्या तर सांधा हलेनासा होतो आणि नळी वेल्डपाशी तडकते. स्प्रिंगमध्ये हालचाल शिल्लक हवी. तिथे नायलॉनवाले लॉकनट वितळतात, पूर्ण धातूचेच घ्या. नळ्यांचे आधार इंजिनालाच असावेत. एक टोक इंजिनाला आणि दुसरं विमानाच्या सांगाड्याला बांधलं, तर इंजिन रबरांवर हलतं आणि नळी मधे पिळली जाते. आणि स्टेनलेसवर शिसपेन्सिलने कधीही खूण करू नका, जस्ताचा मुलामा दिलेली हत्यारंही लावू नका. तापल्यावर ती खूण धातूत शिरते आणि बरोबर तिथेच चीर पडते. खडू किंवा लेआउटची शाई वापरा.

फायरवॉलला साधं तांबडं सिलिकोन आगीत टिकत नाही; आगरोधक सीलंट घ्या, ३एम फायर बॅरियर २००० सारखं. केबली स्टेनलेसच्या आयबॉल फिटिंगमधून न्या. वायरींच्या जुडग्याला फायरस्लीव्ह (आगरोधक आवरण) चढवून दोन्ही टोकं क्लॅम्प करा, आणि रबरी ग्रोमेटवर इंजिनाच्या बाजूने स्टेनलेसची चकती बसवा. हीटर बॉक्स ॲल्युमिनियमचा असेल तर तो स्टेनलेसचा करा. धुराशी याचा संबंध थोडा आहे, आगीशी पुष्कळ.

खरा वेळ मागे घालवा. एलेरॉनच्या पुशरॉडला पातळ रेक्झिनचा शंकूसारखा बूट शिवा. मोठं टोक भोकाभोवतीच्या पट्टीखाली रिव्हेट करा किंवा स्क्रूने बसवा, छोटं टोक रॉडला झिप-टायने आवळा. कापड कुठेही ताणलं जाता कामा नये. स्टिक चारही कोपऱ्यांपर्यंत नेऊन बघा, दुसऱ्या कोणाला आत बसवून स्वतः हात घालून बूट चिमटतो का ते चाचपा. एलेव्हेटरच्या रॉडला सामानाच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीत असाच बूट, पण आणखी हलका, पॅराशूटच्या जातीच्या नायलॉनचा. इथे रॉडची ये-जा जास्त असते. फ्लॅपच्या भोकाला रॉडबरोबर सरकणारी प्लास्टिकची चकती किंवा दाट ब्रशची पट्टी पुरते. मागच्या भिंतीच्या कडांना फोमची पट्टी लावा. तिथे स्क्रू लांब-लांब असतील तर मधली कड फुगते आणि फट राहते, म्हणून मधे आणखी स्क्रू घाला. टेलव्हील स्प्रिंगच्या भोवती रेक्झिनचाच छोटा गळपट्टा. या एवढ्याने पुष्कळ विमानांतला आकडा एक अंकी होतो.

त्यानंतर कॅनोपी. डी आकाराची ईपीडीएम रबरी पट्टी कडेने लावा, आणि सरकत्या कॅनोपीच्या मागच्या स्कर्टला जागेवरच ओतलेली सिलिकोनची कड करा: पत्र्यावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवा, स्कर्टच्या आत सिलिकोनची दोरी टाका, कॅनोपी बंद करून दोन दिवस ठेवा, उघडा, टेप सोलून काढा. फट कितीही वाकडीतिकडी असली तरी ती बरोबर तिच्याच मापाची भरते. इथली गळती थांबली की केबिनचं ओढणंच कमी होतं आणि मागच्या राहिलेल्या फटींना जोर उरत नाही. मोबाइलवर दाब परत मोजला तर फरक दिसेल.

नळी लांब करणं मात्र सगळ्यात शेवटी. टोक काउलिंगच्या बाहेर पाच-दहा सेंटिमीटर नेलं किंवा ३०–४५ अंश खाली वळवलं तर झोत पोटापासून सुटतो, काही विमानांत जमिनीचा घुमणारा आवाजही कमी होतो. पण वाढलेलं वजन टोकाला लटकतं आणि थरथरून जुन्या वेल्डला तडे जातात. करायचंच झालं तर त्याच जाडीची ३२१ स्टेनलेसची नळी, टिग वेल्ड आणि वेल्ड करताना नळीच्या आतून आरगॉन. आरगॉन सोडला नाही तर आतल्या बाजूला वेल्ड साखरेसारखा खरखरीत होतो आणि चीर तिथून सुरू होते. आधी क्लॅम्पने जोडलेला तात्पुरता तुकडा लावून जमिनीवर आणि एका छोट्या उड्डाणात आकडा उतरतो का बघा. नाही उतरला तर वेल्डरकडे जायचा खर्च वाचला.

दर वार्षिक तपासणीला मफ उतरवताना चाचणीचं हे उड्डाणही करा आणि जुन्या आकड्यांच्या खाली नवे लिहा. रेक्झिनचे बूट उन्हाने आणि तेलाने कडक होऊन दुमडीवर फाटतात, फोमच्या पट्ट्या दबून सपाट होतात, आणि वाढ कधीच एकदम होत नाही: ४, ४, ७, ११ अशी येते. डिटेक्टरच्या पाठीवर सेन्सरची मुदत छापलेली असते. ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण मुदत संपलेला सेन्सरही शून्य दाखवत राहतो.